लेकीच्या चित्रांचा हिशोब

"पोरगी चित्रं झकास काढते, पण त्यावर पोट भरतं का?" हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत बऱ्याच आया विचारतात. मैत्रिणींनो, याचं उत्तर आपल्या मिरजेत आहे.

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. हत्यारं घडवायची, धार लावायची हे त्यांचं काम. एकोणिसाव्या शतकात ते काम आटलं, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेत गवयांची ये-जा होती, म्हणजे गिऱ्हाईक दारातच. आज मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन आहे. लेकीचंही आधी तेच बघायचं, गिऱ्हाईक कोण? अंगणवाडीची भिंत, रसवंतीचा फलक, रुखवत, गणपतीची सजावट. घरच्यांना हे हलकं वाटतं, पण पहिले पैसे इथूनच येतात.

खरी अडचण दराची. "चित्र काढायला काय लागतंय?" म्हणत लोक फुकटात काम करून घेतात. समजा, भिंत १० बाय ८ फूट, म्हणजे ८० चौरस फूट. रंग-ब्रश १,६०० रुपये, तीन दिवसांची मजुरी ६०० प्रमाणे १,८००, जाण्या-येण्याचे २००. झाले ३,६००, म्हणजे फुटाला ४५ रुपये. याच्या खाली गेलं की मजुरी बुडाली. निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे आणि काय काढायचं, कधी द्यायचं, बाकी किती, हे कागदावर लिहून सही घ्यायची. गटाचं कर्ज आपण सहीशिवाय देतो का? मग हेही तसंच. नात्यातलं काम असेल तर जास्तच जपून!

शिक्षण सोडू नका. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा द्याव्यात. दहावीला वाढीव गुण मिळतात. पुढे कलाशिक्षक पदविका आहे, मुंबईचं जे. जे. आहे. आणि एकदा तिला औंधला न्या. पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. मोबाईलवर बघणं वेगळं, समोर उभं राहून बघणं वेगळं.

कर्जाचं म्हणाल, तर हातात ऑर्डर असेल तेव्हा रंगापुरतं गटातून घ्यावं. सुरुवातीलाच महागडा टॅब घ्यायला मात्र माझा विरोध आहे. काम संपलं की चांगला फोटो काढून ठेवायचा आणि भिंतीच्या कोपऱ्यात तिचं नाव. आईचा फोन नंबर चालेल.