थांबला त्याला दिसले

(रोजच्या धावपळीत आसपासचे छोटे छोटे आनंद आपल्या नजरेतून सुटतात. थोडे थांबून, लक्ष देऊन पाहिले तर काय मिळते, हे या पाठात थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या उदाहरणावरून सांगितले आहे.)

'थांबला तो संपला' असे आपण नेहमी ऐकतो. शर्यतीत ते खरे असेल. पण जीवन म्हणजे केवळ शर्यत नव्हे. सकाळी डोळे उघडल्यापासून आपली घाई सुरू होते. शाळेची घाई, बसची घाई, शिकवणीची घाई. या घाईत कुंडीतल्या मोगऱ्याला कळी आली, अम्मीच्या तव्यावरची रोटी टम्म फुगली, पहिल्या पावसाने मातीला वास सुटला, हे आपल्या ध्यानातही येत नाही. हे आनंद विकत घ्यावे लागत नाहीत. त्यांच्यासाठी फक्त क्षणभर थांबावे लागते.

असे थांबून पाहणारा एक मुलगा मुंबईत होता. त्याचे नाव सालिम अली. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याचा सांभाळ केला. सालिमला छऱ्यांच्या बंदुकीने नेम धरण्याचा नाद होता. सुमारे दहा वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. ती दिसायला नेहमीच्या चिमणीसारखीच होती. पण तिच्या गळ्यावर एक पिवळा ठिपका होता. दुसऱ्या एखाद्या मुलाचे त्या ठिपक्याकडे लक्षही गेले नसते. सालिमचे गेले. 'ही कोणती चिमणी?' असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय संस्थेत जपून ठेवलेले अनेक पक्षी त्याला दाखवले. एवढ्याशा ठिपक्याने एका मुलासमोर पक्ष्यांचे सारे जग उघडले.

पुढे सालिम अली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काम करू लागले. पक्ष्यांचा अधिक अभ्यास करण्यासाठी ते जर्मनीला गेले. १९३० साली परत आले, तेव्हा त्यांची जागाच रद्द झालेली होती. हाती नोकरी नव्हती. शिकलेल्या माणसावर असा प्रसंग आला की तो खचून जातो. सालिम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले.

पावसाळा सुरू झाला होता. घराजवळच सुगरण पक्ष्यांनी खोपे बांधायला घेतले होते. सुगरणीचे खोपे कोकणात पुष्कळ. येणारेजाणारे ते रोज पाहत आणि पुढे जात. सालिम अली मात्र तेथे थांबले. दिवसचे दिवस, तासन्‌तास ते निश्चल बसून पाहत राहिले आणि जे दिसले ते वहीत टिपत राहिले.

त्यांना काय दिसले? गवताच्या पात्याची लांब चिरफळी चोचीने काढून खोपा विणतो तो नर. अर्धा खोपा झाला, की तो त्याला लटकून पंख फडफडवतो आणि माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून खोप्याची तपासणी करते. खोपा पसंत पडला, तरच ती तेथे राहते. मग नर उरलेला खोपा पुरा करतो आणि खाली लांब नळीसारखी वाट विणतो. मादी अंडी उबवायला बसली, की हे महाशय दुसरा खोपा बांधायला घेतात आणि दुसरी मादी शोधतात! सालिम अलींचा हा अभ्यास १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि जाणकारांनी त्याची वाखाणणी केली. त्या पावसाळ्याने त्यांना गेलेली नोकरी परत दिली नाही. पण अडचणीच्या दिवसांत मन रमवणारा आनंद दिला आणि पुढच्या कामाला बळ दिले.

याच पक्ष्याच्या खोप्याकडे खानदेशातील एका शेतकरी स्त्रीनेही डोळे भरून पाहिले होते. तिचे नाव बहिणाबाई चौधरी. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करता करता त्या गाणी रचत. खोप्यावरचे त्यांचे गाणे आजही महाराष्ट्रात आवडीने म्हटले जाते. एकाने खोप्यातून शास्त्र शोधले, दुसरीने गाणे. दोघांनीही आधी थांबून पाहिले होते.

मुलांनो, थांबणे म्हणजे आळस करणे नव्हे. आळशी माणूस बसतो, पण पाहत नाही. थांबणारा माणूस पाहतो, ऐकतो, विचारतो. तुम्हालाही हे येते. रमजान ईदची चांदरात आठवा. सारी वस्ती गच्चीवर उभी असते. लहानथोर पश्चिमेकडे टक लावून असतात. एवढ्यात कोणीतरी बोट दाखवते आणि नखाएवढी चंद्रकोर पाहून सगळ्यांचे चेहरे उजळतात. अशी नाजूक कोर दर महिन्याला आकाशात येते. बाकीच्या महिन्यांत आपण मान वर करीत नाही, इतकेच.

आज शाळेतून घरी जाताना एकच गोष्ट नीट पाहा. तारेवरचा कावळा, टपरीवरच्या चहाची उंच धार, भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप, काहीही चालेल. घरी गेल्यावर ती गोष्ट दादीला किंवा धाकट्या भावंडाला सांगा. सांगताना तो आनंद दुप्पट होतो.

शब्दार्थ
छत्र हरपणे – आधार नाहीसा होणे
नाद – छंद
खचून जाणे – धीर सोडणे
निश्चल – न हलता
खोपा – सुगरण पक्ष्याचे घरटे
वाखाणणी – स्तुती
टक लावणे – एकसारखे पाहणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चिमणीच्या गळ्यावर काय होते?
(आ) सालिम अली १९३० साली कोठे राहायला गेले?
(इ) सुगरणीचा खोपा कोण विणतो?
२. थांबणे आणि आळस करणे यांत कोणता फरक आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. वाक्यात उपयोग करा : खचून जाणे, टक लावणे.
४. आठवडाभर रोज एक गोष्ट निरखून पाहा व तिच्याविषयी दोन वाक्ये मराठीत लिहा.