वाटल्याने वाढणारी विद्या

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय भागात जामखेड तालुका आहे. ज्यांच्या नावाने हा जिल्हा आज ओळखला जातो, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे. हा प्रदेश अवर्षणाचा. पाऊस बेताचा आणि जमिनी बहुतेक कोरडवाहू. 1970 च्या सुमारास येथील खेड्यांत औषधपाणी मिळणे अतिशय कठीण होते. जन्मास आलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे 176 मुले वर्षाची होण्यापूर्वीच दगावत. म्हणजे जवळजवळ दर सहा पाळण्यांपैकी एक पाळणा रिकामा होई.

त्याच साली डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे जामखेडास येऊन राहिले. रजनीकांत हे याच जिल्ह्यातील सुप्याचे. दोघांनीही वेल्लोरच्या विख्यात वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले होते. 1960 साली विवाह करताना, खेड्यातील गोरगरिबांच्या सेवेत आयुष्य घालवावयाचे, असा त्यांनी निश्चय केला होता.

जामखेडास येण्यापूर्वी त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या रुग्णालयात काही वर्षे काम केले. तेथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. बरा होऊन घरी गेलेला रोगी काही दिवसांनी तेच दुखणे घेऊन पुन्हा दारी येई. गढूळ पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान ही रोगांची मुळे खेड्यातच होती. रुग्णालयात बसून ती उपटणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि ते मायदेशी परतले.

परंतु दोन डॉक्टर किती खेड्यांना पुरे पडणार? प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. तो प्रयोग नीटसा साधला नाही. तेव्हा त्यांनी निराळीच वाट धरली. प्रत्येक गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी आणि तिला आरोग्याचे शिक्षण द्यावे, असे ठरले. निवडलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजातील होत्या. अक्षर न ओळखणाऱ्या बाईस वैद्यकीय ज्ञान कसे द्यावे, अशी शंका अनेकांना आली. आरोळे दांपत्याने मात्र त्यांच्या बुद्धीवर विश्वास ठेवला.

या स्त्रिया दर आठवड्यास जामखेडास येत, शिकत आणि गावी परत जाऊन ते इतरांना शिकवीत. मुलास जुलाब होत असता पाणी पाजू नये, असा समज पुष्कळ घरांत होता. तो दूर करून त्या मीठसाखरेचे पाणी पाजण्यास शिकवीत. त्या मुलांची वजने घेत, गर्भवतींची काळजी वाहत आणि कुष्ठरोगाची चिन्हे ओळखून वेळीच उपचार करवीत. ज्या दारातून त्यांना पूर्वी आत येऊ देत नसत, त्याच दारी त्यांना आदराने बोलावणे येऊ लागले.

1972 च्या दुष्काळात पाण्यासाठी विंधणविहिरी खोदण्यात आल्या. त्या वेळी काही गावांत हातपंप दलित वस्तीत बसवावेत, याची आरोळे यांनी काळजी घेतली. तहान लागलेल्या सर्वांना तेथेच यावे लागले. जातिभेदावर व्याख्यान न देता त्यांनी तो असा थोडाथोडा झिजवला.

या परिश्रमांचे फळ दिसल्यावाचून राहिले नाही. 1990 नंतरच्या दशकात या खेड्यांत बालमृत्यूंचे प्रमाण हजारी 30 च्या खाली आले. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि 1990 साली रजनीकांत यांना पद्मभूषण किताब लाभला. देशोदेशींचे डॉक्टर जामखेडास शिकावयास येऊ लागले.

1988 साली जामखेडच्या एक आरोग्यसेविका, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टन येथील परिषदेत बोलावयास उभ्या राहिल्या. सभागृहातील झुंबरांकडे पाहून त्या म्हणाल्या, की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे सुंदर, पण महाग आणि दूर असतात. मग त्यांनी दोन साध्या पणत्या काढल्या आणि एकीने दुसरी पेटवून दाखवली. आपण खेड्यातल्या बाया या पणतीसारख्या आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

डॉ. मेबल 1999 साली आणि डॉ. रजनीकांत 2011 साली निवर्तले. परंतु त्यांनी चेतवलेल्या ज्योती विझल्या नाहीत. आपल्यावाचून काम अडावे, अशी इच्छा धरणारा पुढारी लहानच राहतो. आपल्यामागे काम चालावे म्हणून जो आपली विद्या इतरांच्या हाती देतो, तोच खरा नेता होय.

शब्दार्थ : अवर्षण – पावसाचा अभाव, दगावणे – मरण पावणे, निवर्तणे – मरण पावणे, चेतवणे – पेटवणे.

स्वाध्याय
1. वडाळ्याच्या रुग्णालयात आरोळे दांपत्याच्या ध्यानी कोणती गोष्ट आली?
2. हातपंप दलित वस्तीत बसवल्याने काय साधले?
3. 'पणती' आणि 'झुंबर' यांच्या उपमेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.
4. तुम्हांस येणारी एखादी विद्या तुम्ही कोणास शिकवाल? पाच वाक्ये लिहा.