फटकळ बाबांसाठी दोन शब्द

बाबा मंडळींनो, आज थोडं तुमच्याशी बोलायचं आहे. आईच्या मायेवर आपल्याकडे उदंड लिहून झालं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, अत्र्यांनी १९५३ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. श्यामला वडीलही होते, पण डोळे पुसत घरोघरी वाचली गेली ती आईच. तुमच्या वाट्याला आलं ते खेकसणं. ते तुम्ही इमानेइतबारे सांभाळलंत.

खरं तर फटकळपणात माया मुरवायची कला आपल्या मुलखाला नवी नाही. मालवणी माणूस जिव्हाळ्याच्या माणसाला शिवी घातल्याशिवाय हाक मारत नाही. त्याच बोलीच्या जोरावर ‘वस्त्रहरण’ नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले आणि शिव्या खाऊन लोक पोट धरधरून हसले. आमच्या कोल्हापूरकडे तर ‘जेवलास का?’ हा प्रश्नही भांडण काढल्यासारखा विचारतात.

आमच्या गल्लीत एक टेम्पोवाले आण्णा आहेत. पोरगा इंजिनिअरिंगला, सुट्टीला घरी आलेला. गाडी मागे घेताना त्यानं ती भिंतीला घासली. आण्णा कट्ट्यावरून ओरडले, “त्या भितीनं काय तुझं उसनं घेतलंय व्हय रे? इंजिनेर म्हणं!” पोरगा खाली उतरला, गाडीला एक फेरी मारली आणि शांतपणे म्हणाला, “आण्णा, ह्यो डाव्या अंगाचा ओरखडा माझा. उजव्या अंगाचा पोचा गेल्या दिवाळीचा हाय. तवा मी हॉस्टेलवर हुतो.” अख्खा कट्टा हसला. आण्णांनी “लई शाणा झालास” म्हणत तोंड फिरवलं, कारण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर तेच आण्णा चारचौघांना सांगत होते, “पोरगं ऐकून घेत न्हाई आता. बापाला गप केलं की!” आवाजात तक्रार होती आणि चेहरा फुललेला होता.

या चहाच्या गाड्यावरच मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे. फटकळ बापाचं कौतुक मुलापर्यंत नेहमी फिरून फिरून पोचतं. कधी काकाकडून, कधी शेजाऱ्याकडून, कधी आईनं हळूच सांगितलं म्हणून. मुलगा समोर आला की मात्र, “६२ टक्के? आणि उरलेले ३८ कुठं सांडले?” पाऊस आला की आधी दम, “भिजून आलास तर डॉक्टरचे पैसे तुझ्या खाऊच्या पैशांतून,” आणि मग गाडीच्या हँडलला गुपचूप अडकवलेला रेनकोट. मोठा मुलगा रेनकोट पाहतो आणि काय ते समजतो. लहान मुलाला मात्र फक्त दम ऐकू येतो.

म्हणून वयाचा विचार हवा. पाच-सहा वर्षांच्या पोराला ‘तुला बोहारणीकडून जुने कपडे देऊन घेतलंय’ म्हणून चिडवणारे बाप घरोघरी आहेत. मोठ्यांना गंमत वाटते. पोर मात्र दारावर बोहारीण आली की आईच्या मागे लपतं. त्या वयात बोलण्यातला उपरोध नीट कळत नाही, शब्दच खरे वाटतात. चेष्टा करायचीच असेल तर त्याच्या बरोबरीनं हसा आणि लगेच जवळ घ्या.

जुन्या सुभाषितकारानं हिशोब मांडून ठेवला आहे : पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं धाक, सोळावं लागलं की मित्र. आपल्या घरात बापाची चप्पल मुलाच्या पायात यायला लागली की हेच बोलून दाखवतात. अडचण अशी, की इतकी वर्षं धाक दाखवलेल्या बापाला एके दिवशी अचानक मित्र कसं होता येणार? तिथं हा फटकळपणाच कामी येतो. ‘मला तुझी काळजी वाटते’ हे ज्याच्या ओठावर येत नाही, तो थट्टेच्या आडून बोलतो. मुलगाही थट्टेनंच उत्तर देतो, आणि बघता बघता दोघांचं बोलणं सुरू होतं.

पण त्याला एक अट आहे. उलट टोला मारायची मुभा मुलालाही हवी. आण्णांना पोराचा टोला चालला म्हणून कट्टा हसला. त्याच उत्तरावर ‘बापाला उलटून बोलतोस?’ म्हणून हात उगारला असता, तर त्याच प्रसंगाची नामुष्की झाली असती. दोन्हीकडून चालते ती थट्टा. एकाच बाजूनं चालतो तो जाच, मग बोलणारा कितीही प्रेमळ असो.

आणखी काही गोष्टी सांभाळा. थट्टा केलेल्या कामाची करा, अंगाची नको. फुटलेला आवाज, तोंडावरच्या पुटकुळ्या, उंची, रंग यांवर बाहेर मित्र बोलतच असतात. घरी तरी त्यातून सुटका असावी. पाहुण्यांसमोर पोराची फजिती सांगू नका, निदान त्याला विचारल्याशिवाय नको. निकालाच्या दिवशी तो स्वतः हसत असेल तर ३८ टक्क्यांची चौकशी खुशाल करा. दार लावून बसला असेल तर तोंड आवरा, त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि टोमण्यावर तो हसायचाच थांबला असेल, तर ‘हल्लीच्या पोरांना काही सहन होत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला कुठं लागलं ते विचारा.

तुम्ही गोडबोले व्हावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुमचं खेकसणं बंद झालं तर घरच्यांना तुमची तब्येत बिघडल्यासारखं वाटेल. मागणं एवढंच आहे, की चहाच्या गाड्यावर चौघांना सांगता ते कधीतरी त्याच्या तोंडावरही सांगा. आज जेवताना एकदा म्हणून बघा, “चांगलं केलंस रे.” पुढे ‘पण’ जोडू नका. तो चमकून विचारेल, “बाबा, बरं आहे ना तुम्हाला?” विचारू दे. हा टोला तुम्हीच त्याला शिकवला आहे.