जाड्या-रड्या : एका जोडगोळीचा अभ्यास

गेल्या पावसाळ्यांत एका शनिवारीं मैदानावर पाणी सांचल्यामुळें खेळ बंद ठेवावे लागले. तेव्हां आम्हीं आठव्या इयत्तेच्या मुलांना सभागृहांत बसवून 'द म्युझिक बॉक्स' हा सुमारें अर्ध्या तासाचा जुना अमेरिकन बोलपट दाखविला. मुलें पोट धरधरून हसलीं. आठवड्यानें एक पालक भेटीस आले व म्हणाले, "सर, त्या दिवसापासून वर्गांत माझ्या मुलास 'रड्या' म्हणून हांक मारतात. तो आतां शाळेंत यावयास तयार नाहीं." मुलगा बोलण्यांत जरा संथ आहे. आम्ही ओशाळलों. ज्या विनोदाची आम्हीं इतकी स्तुति केली होती, त्याचा मुलांनीं नेमका उलटा अर्थ घेतला. आणि यांत दोष मुलांचा नसून, चित्र दाखवून मोकळे झालेल्या आमचाच होता. जो पाठ त्या दिवशीं द्यावयास हवा होता, तो आज देत आहों.

जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी आणि रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल. हीं नांवें मराठी प्रेक्षकांचीं. तीं इतकीं चपखल बसलीं कीं, पुष्कळ घरांतून दुसऱ्या नांवांची गरजच भासली नाहीं. लॉरेल १८९० सालीं इंग्लंडांतील अल्व्हर्स्टन गांवीं जन्मला, व १९१० सालीं फ्रेड कार्नोच्या मंडळीबरोबर अमेरिकेस आला. त्याच मंडळींत चार्ली चॅप्लिनही होता. हार्डीचा जन्म १८९२ चा, अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांतला. दोघेही आरंभीं स्वतंत्रपणें कामें करीत. हॅल रोच यांच्या कॅलिफोर्नियांतील चित्रशाळेंत १९२७ सालीं त्यांची जोडी जुळली.

आतां १९३२ सालचा तो बोलपट पुनः डोळ्यांसमोर आणा. एक बाई पतीला नकळत भेट द्यावयाची म्हणून पियानो विकत घेते, आणि तो घरीं पोंचविण्याचें काम या दोघांकडे येतें. घर टेकडीच्या माथ्यावर. समोर पायऱ्यांची लांबच लांब रांग. (लॉस एंजेलिस शहरांत त्या पायऱ्या आजही आहेत, त्यांची संख्या १३३.) भली मोठी लांकडी पेटी दोघे वर चढवितात, ती घसरत तळाशीं येते. पुनः चढवितात, पुनः येते. मध्येंच बाबागाडी घेऊन एक दाई आडवी येते, मध्येंच पोलीस शिपाई बोलावतो. अखेर घामाघूम होऊन ते वर पोंचतात, तों टपालवाला सांगतो कीं, वळसा घालून सरळ गाडीरस्ता वरपर्यंत येतो! यावर हे काय करितात? पेटी साऱ्या पायऱ्या उतरून पुनः खालीं नेतात, घोडागाडींत घालतात, आणि रस्त्यानें वर आणतात. इतकें करून घरधनी निघतो पियानोचा वैरी. तो कुऱ्हाड घेऊनच त्यावर तुटून पडतो. लघु विनोदी चित्रासाठीं ॲकॅडमीचें पारितोषिक प्रथमच ठेवण्यांत आलें, तें या चित्राला मिळालें.

मुलांनो, यांत मूर्ख कोण? रड्या, असें तुम्ही म्हणालांत. पण नीट पहा. रड्याला आपण शहाणे आहों असें कधींच वाटत नाहीं. जाड्याला मात्र वाटतें. तो हुकूम सोडतो, पुढें होतो, आणि पहिला आपटतो तोच. आपटल्यावर तो काय करितो? बसल्या जागेवरून तो थेट तुमच्याकडे पाहतो. त्या दृष्टींत रागापेक्षां साक्ष मागणेंच अधिक असतें : पाहिलेंत ना, मला काय काय सोसावें लागतें तें! त्या काळच्या विनोदी चित्रांत धांवपळ फार असे; या दोघांनीं वेग कमी केला. १९२९ च्या 'बिग बिझिनेस' या मूकपटांत ते नाताळचीं झाडें विकावयास एका दारीं जातात व भांडण जुंपतें. घरवाला त्यांची मोटार मोडतो, हे त्याचें घर मोडतात. पण एकाची पाळी चालू असतां दुसरा मुकाट्यानें उभा राहून पाहतो. आमच्या मतें त्यांचें सर्वांत हंसविणारें चित्र हेंच. कांहीं जण 'वे आउट वेस्ट' चें नांव घेतील. आमची हरकत नाहीं.

आणखी एक गोष्ट. पडद्यावर ज्याला वर्गांतला शेवटचा विद्यार्थी म्हणावें, तो लॉरेलच या जोडीचा मेंदू होता. प्रसंग रचणें, चित्र कापून जोडणें, यांत तो रात्री घालवी. त्याला वेतनही हार्डीपेक्षां अधिक मिळे. हार्डी काम संपतांच गोल्फ खेळावयास जाई, आणि लॉरेल अधिक कष्ट करितो म्हणून त्यास अधिक मिळावें हें योग्यच, असें मानी. वेतनावरून किती मंडळ्या फुटल्या आहेत, हें पालकांना सांगावयास नको.

हें सारें सांगून आम्हीं त्याच वर्गाला तें चित्र दुसऱ्यांदा दाखविलें. हंसूं यावेळींही आलें, परंतु पेटी घसरण्याच्या आधींच. मुलें जाड्याच्या तोंडाकडे पाहत होतीं. दिवे लागल्यावर त्याच संथ मुलानें, वेळ घेऊन, विचारलें : "सर, जाड्या एवढा चिडतो, मग दुसऱ्याला सोडून कां जात नाहीं?" कोणी हसलें नाहीं.

एकदां तसा प्रसंग आला होता. दोघांचे करार वेगवेगळ्या वेळीं संपत, आणि लॉरेलचें मालकाशीं बिनसलें असतांना हार्डीनें 'झेनोबिया' हें १९३९ चें चित्र दुसऱ्या जोडीदाराबरोबर केलें. तेवढ्यावर तें थांबलें. दोघे पुनः एकत्र आले. त्यांच्या मागून आलेली मार्टिन व लुइस यांची जोडी दहा वर्षांत, १९५६ सालीं, तुटली.

उतारवयांत चित्रपटांत मागणी उरली नाहीं, तेव्हां ते रंगभूमीवर दौरे करूं लागले. सप्टेंबर १९५३ मध्यें त्यांचें जहाज आयर्लंडमधील कोव्ह बंदरास लागलें. आपणांस आतां कोण ओळखणार, या समजुतींत ते होते. धक्क्यावर माणसांची दाटी होती. आणि तेथील कॅथीड्रलच्या घंटांतून त्यांच्याच चित्रपटांतील कुकूची धून वाजूं लागली. दोघेही रडले.

हार्डी १९५७ च्या ऑगस्टांत वारला. प्रकृतीमुळें लॉरेलला अंत्यविधीस जातां आलें नाहीं. त्यानंतर कोणाबरोबरही काम करण्यास त्यानें नकार दिला. सांता मोनिका येथील त्याच्या घराचा क्रमांक टेलिफोनच्या पुस्तकांत सर्वांसाठीं खुला असे; अनोळखी मुलांनीं फोन केला तरी तो बोले, पत्रांना स्वतः उत्तरें लिही. १९६५ सालीं मरण येईपर्यंत त्याला नवे विनोदी प्रसंग सुचत, आणि तो ते लिहून ठेवी. ते सारे दोघांसाठीं असत.