भूमीकडून उसने : खडे, पत्री आणि बाण यांचे पूजेतील स्थान

आपल्या पूजेत जी साधने लागतात त्यांचे दोन वर्ग करता येतील. समई, ताम्हन, घंटा, पितळेची मूर्ती ही साधने मनुष्याने घडविलेली असतात. दुसरी साधने कोणी घडविलेली नसतात. ती नदीकाठी, झाडाखाली किंवा शेताच्या बांधावर सापडतात आणि आपण ती उचलून आणतो. गौरीचे खडे, एकवीस पत्री, दूर्वा, पारिजातकाची फुले, नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम आणि पार्थिव लिंगासाठी लागणारी माती ही सारी या दुसऱ्या वर्गात येतात. पहिल्या वर्गातील वस्तू आपण दाम मोजून घेतो, जपून वापरतो व वारसाने पुढे देतो. दुसऱ्या वर्गातील वस्तूंना दाम पडत नसल्यामुळे त्यांच्याविषयीचे आपले कर्तव्य विसरले जाण्याचा संभव अधिक. प्रस्तुत पाठात त्या कर्तव्याचा विचार करावयाचा आहे.

भूमीचे ऋण

अथर्ववेदाच्या बाराव्या कांडाच्या आरंभी भूमिसूक्त आहे. त्यात त्रेसष्ट मंत्र असून भूमी ही माता व आपण तिची लेकरे हा भाव त्यात आरंभापासून अखेरपर्यंत भरलेला आहे. त्यातील एका मंत्रात ऋषी भूमीला अशी विनवणी करतो की, आपण तिच्यातून जे काही खणून काढू ते लवकर पुन्हा वाढून यावे, आणि खणताना तिच्या मर्मस्थानी इजा होऊ नये. या विनवणीत घेणे निषिद्ध मानलेले नाही. घेतल्यावाचून कोणाचेही चालत नाही हे ऋषी जाणतो. मात्र घेतलेले भरून यावे, याची चिंता घेणाऱ्याने वाहावी, असे तो सुचवितो. पहाटे अंथरुणातून उठताना पाय टेकण्यापूर्वी भूमीची क्षमा मागण्याची जी रीत आपल्या घरांतून आहे, तिच्यामागेही हीच जाणीव आहे.

तेव्हा उचलून आणलेली वस्तू ही आपल्या मालकीची होत नाही. ती भूमीकडून उसनी आणलेली असते. उसन्या वस्तूचे तीन धर्म सर्वांना ठाऊक आहेत. ती मागून घ्यावी, नीट वापरावी आणि परत करावी. पूजाविधीतील आवाहन, पूजन आणि विसर्जन ही तीन अंगे या तीन धर्मांशी किती जुळतात, हे पुढील उदाहरणांवरून ध्यानात येईल.

खड्यांच्या गौरी

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरींचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. देशावरच्या पुष्कळ घरांत मुखवट्यांच्या उभ्या महालक्ष्म्या मांडतात. कोकणात कित्येक ठिकाणी तेरड्याची रोपे मुळांसकट आणून त्यांची गौर करतात. त्या मुळांना गौरीची पावले मानतात. कोकणस्थ घरांत मात्र खड्यांच्या गौरी असतात. घरची सुवासिनी किंवा कुमारिका नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर जाते, पाच किंवा सात अशा विषम संख्येने खडे वेचते, ते ताम्हनात ठेवून मुक्याने घरी आणते. दारात तिच्या पायांवर दूध-पाणी घालून तिला आत घेतात. खड्यांची पूजा होते, नैवेद्य होतो, आणि तिसऱ्या दिवशी ते खडे पुन्हा पाण्यात सोडतात. परतताना तेथील चिमूटभर वाळू आणून घरभर टाकण्याची रीत आहे.

या साध्या विधीत शिकण्यासारखे बरेच आहे. खडे वेचताना बोलावयाचे नाही, यामुळे वेचणारीचे लक्ष हाताकडे आणि पाण्याकडे राहते. सहज गप्पांत ओंजळभर खडे भरून आणणे शक्य होत नाही. संख्या ठरलेली असल्यामुळे हव्यासाला वाव नाही. खड्याला छिद्र पाडावयाचे नाही, तासावयाचे नाही, की रंगवावयाचे नाही. जसा पाण्याने तो घडविला तसाच तो गौर होतो. तीन दिवस तो लेकीच्या मानाने राहतो आणि चौथ्या दिवशी तो पुन्हा इतर खड्यांसारखा एक खडा असतो. ज्या वाळूतून खडे उचलले त्याच वाळूची चिमूट घरात येते, म्हणजे नदीचा आणि घराचा संबंध तुटत नाही.

आता वडोदऱ्यातील स्थिती पाहू. गायकवाडांच्या राज्यात कोकणातून आणि देशावरून जी मराठी कुटुंबे येथे आली, ती आपले कुळाचारही घेऊन आली. परंतु आपले शहर गाळाच्या सपाट जमिनीवर वसलेले आहे. कोकणातल्या ओढ्यात पायाखाली मिळतात तसे गुळगुळीत खडे येथे सहज मिळत नाहीत. विश्वामित्री पावागडावरून उतरून शहराच्या मध्यातून वाहते खरी, पण तिच्या पात्रात शहराचे सांडपाणी मिसळते आणि तिच्यात शेकडो मगरी राहतात. भाद्रपद म्हणजे भर पावसाळा. २०२४ च्या ऑगस्टअखेर या नदीच्या पुराने अर्धे शहर कसे वेढले होते ते आपण पाहिलेच आहे. अशा वेळी एखाद्या सुनेला तिच्या काठाशी खडे वेचावयास पाठविणे हा धर्म नव्हे. मगरीच्याही घराचा मान राखला पाहिजे.

मग काय करावे? विधीत जलाशय सांगितला आहे, अमुकच नदी सांगितलेली नाही. अंगणातील विहीर, बागेतील हौद, एवढेच काय तुळशीवृंदावनाजवळचा नळही चालतो, आणि अनेक घरांत आज तसेच करतात. घराशेजारी बांधकामासाठी नदीची वाळू आणून टाकली असेल तर धन्याला विचारून तिच्यातून पाच खडे घ्यावे. विसर्जनानंतर त्याच ढिगात ते परत ठेवावे. दुकानात रंगवून, टिकल्या लावून पुडीत बांधलेले खडे अलीकडे मिळू लागले आहेत. ते वापरल्याने गौर रुष्ट होईल असे म्हणण्याचे कारण नाही. पण वेचणे, मौन आणि परत करणे ही तिन्ही अंगे त्यात गळून पडतात, आणि रंग लावलेला खडा पाण्यात सोडण्याजोगाही राहत नाही.

पत्री आणि फुले

गणेशचतुर्थीस एकवीस पत्री वाहतात. माका, बेल, धोत्रा, शमी, आघाडा, डोरली, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, मरवा, हादगा ही त्यांपैकी काही नावे. एरवी गणपतीला न वाहिली जाणारी तुळसही त्या दिवशी चालते. ही यादी वाचली की एक गोष्ट दिसते : यांतील कित्येक वनस्पती रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या, कोणी मुद्दाम न लावलेल्या आहेत. वर्षातून एकदा मुलाने वडिलांबरोबर हिंडून त्या ओळखाव्या, त्यांची पाने हातात घ्यावी, त्यांचा वास घ्यावा, हा या विधीचा मोठा लाभ होता. पत्रीची जुडी बाजारातून आली की तो लाभ जातो. शिवाय जुडी पुरविण्यासाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि एका पानासाठी झाड उघडे पडते.

शास्त्राने येथे वाट ठेविली आहे. जी पत्री किंवा जो उपचार उपलब्ध नसेल त्याच्या स्थानी अक्षता वाहाव्या, असे पुरोहित पूजा सांगताना नेहमी सांगतात. म्हणजे एकवीस ही संख्या पूर्ण करण्यासाठी दुर्मिळ झाड ओरबाडण्याची आवश्यकता विधीलाच मान्य नाही. आपण सात पत्री ओळखून आणल्या आणि चौदा ठिकाणी अक्षता वाहिल्या, तर ती पूजा यथासांग झाली.

तोडण्याविषयीचे जुने नियमही याच दृष्टीने वाचावेत. द्वादशीला तुळस तोडू नये, रात्री झाडाला हात लावू नये, तोडण्यापूर्वी वंदन करावे. वाहिलेला बेल शिळा होत नाही. तो धुऊन पुन्हा वाहता येतो. फुले झाडावरची घ्यावी, पडलेली घेऊ नये असा सामान्य नियम असता पारिजातक मात्र त्याला अपवाद आहे. त्याची जमिनीवर पडलेली फुले वेचूनच देवाला वाहतात. ज्या झाडाने स्वतः दिले त्याच्याकडून घेण्यात कोणताच घाव नसतो. पहाटे पारिजातकाखाली धूतवस्त्र अंथरून ठेवणाऱ्या आपल्या आजीला हे सांगावे लागले नव्हते.

बाण आणि शाळिग्राम

खडे आणि पत्री यांची पूजा तात्पुरती. बाण आणि शाळिग्राम यांची नित्याची. पंचायतनात विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीचा तांबडा पाषाण, देवीसाठी सुवर्णमुखीचा पाषाण आणि सूर्यासाठी स्फटिक मांडतात. हे पाषाण स्वयंभू मानले जात असल्यामुळे त्यांची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही.

शाळिग्रामातील चक्र हे एका प्राचीन समुद्रजीवाच्या शंखाचे आहे. हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे समुद्र होता. त्याच्या तळाच्या गाळात सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी हे शंख रुतले, त्यांचा दगड झाला, आणि आज नेपाळात काली गंडकी त्यांना डोंगरातून सोडवून खाली आणते. हे ज्ञान झाल्याने श्रद्धा उणावण्याचे कारण नाही. ज्याला आपण अनादी म्हणून वंदन करतो त्याच्या ठायी पंधरा कोटी वर्षांचे वय असावे, हे उचितच आहे.

नर्मदा तर आपल्या शेजारची. डभोई तालुक्यातील चांदोद येथे नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांचा संगम मानतात, आणि वडोदऱ्याची मराठी घरे श्राद्धकर्मासाठी तेथे जात आली आहेत. थोडे वर गरुडेश्वरी वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी १९१४ साली समाधिस्थ झाले. कोकणातल्या माणगावी जन्मलेल्या या यतीने अखेरीस नर्मदातीर निवडले. नर्मदेचा कंकर तो शंकर अशी लोकोक्ती आहे. अकीक, गारगोटी अशा कठीण जातीचे तुकडे शतकानुशतके पाण्यात लोळून लंबगोल होतात, तोच बाण.

मध्य प्रदेशात धावडी कुंड हे बाणांचे प्रसिद्ध स्थान होते. प्रपाताखालच्या रांजणखळग्यांत दगड गरगर फिरून गुळगुळीत होत. ओंकारेश्वरचे धरण झाल्यावर ते स्थान जलाशयात गेले. सरदार सरोवर २०१७ साली राष्ट्राला अर्पण झाले. अशा धरणांमुळे आपल्याला पाणी मिळते. पण नदीबरोबर येणारी वाळू व गोटे मात्र भिंतीमागे अडतात. आज बाजारातील बहुतेक बाण खरगोन जिल्ह्यातील बकावाँसारख्या गावी यंत्रावर घासून घडविलेले असतात. कारागिरांचा तो प्रामाणिक उद्योग आहे आणि दगड नर्मदेचाच आहे. परंतु नदीने घडविलेला बाण आता सहज भरून येणारी वस्तू राहिलेली नाही, हे ओळखून यात्रेत पिशवीभर गोटे उचलून आणण्याची सवय सोडली पाहिजे. घरात एक बाण असता दुसरा आणण्याचे प्रयोजन काय?

उलट दुसरीच अडचण आज घरोघरी उभी आहे. वडील माणसे जातात, मुले परदेशी असतात, आणि आजोबांच्या देवघरातील शाळिग्राम व बाण कोणी सांभाळावे हा प्रश्न पडतो. त्यांना अडगळीत ठेवू नये आणि विकूही नये. जो नित्य पूजा करील अशा आप्ताला किंवा मंदिराला द्यावे. तसा कोणी नसेल तर आदराने पूजा करून वाहत्या पाण्यात परत सोडावे. उसने आणलेले परत करण्यात दोष नाही, त्यातच त्या पूजेची पूर्तता आहे.

जे उचलू नये

एक सावधगिरी आवश्यक आहे. मोर पावसाळ्यानंतर आपली पिसे आपोआप टाकतो. असे गळलेले पीस देवघरात ठेवण्यास प्रत्यवाय नाही. पण हत्ताजोडी या नावाने दुर्मिळ मुळी म्हणून जी वस्तू लक्ष्मीप्राप्तीसाठी विकली जाते, ती पुष्कळदा घोरपड मारून तिचा वाळविलेला अवयव असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घोरपडीला संरक्षण असून असा अवयव जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. ज्या वस्तूसाठी जीव मारला गेला ती सापडलेली नव्हे, हिरावलेली होय. तिने कोणतीही देवता प्रसन्न होणार नाही.

आचरणासाठी

वरील विवेचनाचे सार असे :

१. उचलण्यापूर्वी थांबावे, वंदन करावे; लागेल तितकेच घ्यावे.
२. गळलेले मिळत असेल तर तोडू नये. न मिळेल तेथे अक्षता वाहाव्या.
३. उचललेल्या वस्तूला रंग, चमकी किंवा प्लॅस्टिक लावू नये.
४. खडे आणि पाषाण पाण्याला, पत्री आणि फुले मातीला परत द्यावी. निर्माल्य पिशवीसकट नदीत टाकू नये. कुंडीत किंवा झाडाच्या आळ्यात पुरावे. पार्थिव मूर्ती घरच्या बादलीत विरघळवून ते पाणी झाडांना घालता येते.
५. दरवर्षी घरातील मुलांना निदान एक नवी वनस्पती ओळखावयास शिकवावे.

भाद्रपदापूर्वी प्रत्येक घराने एकत्र बसून तीन प्रश्नांचा विचार करावा : आपल्या देवघरातील कोणत्या वस्तू घडविलेल्या आहेत व कोणत्या उचलून आणलेल्या? उचलून आणलेली प्रत्येक वस्तू कोठून आली हे घरात कोणाला ठाऊक आहे? आणि ती परत करण्याची वेळ आली तर कोठे व कशी करावयाची? ज्येष्ठांनी आठवणीतले सांगावे आणि लहानांनी ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला देवघर देताना ही वहीही त्याबरोबर द्यावी.