तुमच्या कॅरेक्टर शीटवर हिशेब किती टक्के? खेळाच्या नियमांतून धंद्याचे ५ धडे



मागच्या व्हिडिओत मी टेबलावर फासे मांडून बसलो, तर काही जणांना वाटलं, सर आता जुगार शिकवणार! नाही हो. तो रोलप्लेइंग गेम होता. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळं इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी खेळ समजून घ्या. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. पात्राला काय येतं, किती येतं, खिशात किती आहे, हे सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं. त्याला म्हणतात कॅरेक्टर शीट. एखादं काम जमलं की नाही, हे फासा टाकून ठरतं.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे १९७४ सालचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्यात तलवारी आणि जादू. पण आपल्या कामाचे आहेत ते आधुनिक काळातले खेळ, कारण तिथली पात्रं नोकरी-धंदा करतात. मी दोन घेतलेत. एक, विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीचा २००२ सालचा 'डी-ट्वेन्टी मॉडर्न'. दुसरा, केऑसियम कंपनीचा १९८१ पासून चालत आलेला 'कॉल ऑफ क्थुलू'. हा भयकथेचा खेळ. तो बहुधा १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत घडतो, पण आजच्या काळातही खेळता येतो.

मला हे शिकवलं माझ्या पुतण्याने. का शिकवलं, ते शेवटी सांगतो.

धडा १ : पेशा म्हणजे कौशल्य नव्हे

'डी-ट्वेन्टी मॉडर्न'मध्ये पात्र बनवताना सुरुवातीचा पेशा निवडायचा असतो. विद्यार्थी, डॉक्टर, सैनिक, ऑफिसातला माणूस, आणि हो, उद्योजकसुद्धा! वयाची अट फक्त १८ पूर्ण. उद्योजकाला सहा कौशल्यांची यादी मिळते : थाप मारणं, गोडीने बोलून काम करून घेणं, जुगार, धंद्याचं ज्ञान, चालू घडामोडी आणि तंत्रज्ञान. यातली दोनच निवडायची.

आता गंमत बघा. निवडली म्हणजे ती कौशल्यं आली, असं नाही. ती शिकणं स्वस्त झालं, एवढंच. आपल्या क्षेत्रातल्या कौशल्याला एक गुण खर्च केला की एक पायरी चढता येते. बाहेरच्या कौशल्याला तोच एक गुण टाकला तर अर्धीच पायरी. गुण मात्र दोन्हीकडे तुम्हालाच खर्चायचे.

आपल्याकडे काय होतं? दुकानाचं बोर्ड लागलं, व्हिजिटिंग कार्ड छापलं, की माणूस म्हणतो, झालो उद्योजक. अहो, बोर्डाने फक्त शिकायचा रस्ता सोपा केला. चालायचं बाकी आहे.

धडा २ : प्रत्येक कौशल्याचा आकडा वेगळा

'कॉल ऑफ क्थुलू'त प्रत्येक कौशल्य टक्क्यांत असतं. शंभरचा फासा टाकायचा, तुमच्या आकड्याएवढा किंवा कमी पडला तर काम जमलं. काम कठीण असेल तर आकडा निम्मा धरायचा, फारच कठीण असेल तर पाचवा हिस्सा.

सातव्या आवृत्तीत एक छान मोजपट्टी दिली आहे. २० ते ४९ म्हणजे हौशी. ५० ते ७४ म्हणजे व्यावसायिक, त्यावर पोट भरता येईल असा. ७५ च्या पुढे तज्ज्ञ आणि ९० च्या पुढे उस्ताद. न शिकलेल्या माणसाचेही मूळ आकडे ठरलेले आहेत. प्रथमोपचार ३०, समोरच्याला पटवणं १०, आणि हिशेब ठेवणं? फक्त ५.

अजून एक. या खेळात पत, म्हणजे लोक तुम्हाला किती पैशाचा माणूस समजतात, हेही कौशल्यांच्याच यादीत असतं. पेशासाठी मिळालेल्या गुणांतूनच पत विकत घ्यावी लागते. पतीवर जास्त टाकले तर हुन्नरावर कमी उरतात. शोरूमच्या काचेवर सगळं भांडवल घालणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

धडा ३ : वापरलं तरच वाढतं, आणि खूण एकदाच

त्याच खेळात कौशल्य वाढतं कसं? खेळताना वापरलं आणि जमलं, तर त्याच्यापुढे खूण करायची. नंतर खूण असलेल्या प्रत्येक कौशल्यासाठी शंभरचा फासा टाकायचा. तुमच्या आकड्यापेक्षा जास्त पडला, तर १ ते १० टक्के वाढ.

म्हणजे, ज्याला २० टक्के येतं त्याला २० पेक्षा जास्त पाडायचंय, सोपं आहे. ज्याला ८० येतं त्याला ८० च्या वर पाडायचंय, अवघड आहे. जिथे आपण कच्चे, तिथेच थोड्या मेहनतीत जास्त वाढ. पण आपण करतो उलटं. जे येतं तेच पुन्हा पुन्हा घासत बसतो.

आणि तेच कौशल्य तुम्ही दहा वेळा वापरलंत तरी खूण एकच. दिवसभर दहा गिऱ्हाइकांना एकच वाक्य बोललात, तर तो दहा दिवसांचा अनुभव नाही.

धडा ४ : सराव घरी, डाव बाहेर

'डी-ट्वेन्टी मॉडर्न'मध्ये वीस बाजूंचा फासा असतो. पण भरपूर वेळ असेल, कसलं दडपण नसेल आणि चुकलं तरी नुकसान होणार नसेल, तर फासा टाकायचीच गरज नाही. वीस पट वेळ द्यायचा आणि सरळ २० पडले असं धरायचं. मात्र या तिन्ही अटी पाहिजेत. गिऱ्हाईक समोर उभं असताना हा नियम चालत नाही. म्हणून चिवडा वीस वेळा घरी करून बघा, लग्नाच्या ऑर्डरवर प्रयोग करू नका.

'कॉल ऑफ क्थुलू'त चुकलेला प्रयत्न एकदा पुन्हा करता येतो. अट अशी, की वेगळं काय करणार किंवा जास्त काय मेहनत घेणार, ते सांगायचं. आणि दुसऱ्यांदाही फसलं तर फटका मोठा बसतो. दुकानदाराने माल ठेवायला नकार दिला? पुढच्या आठवड्यात त्याच पिशवीतून तोच माल, तोच दर घेऊन जाऊ नका. छोटं पाकीट करा, नमुना द्या, काहीतरी बदला. दुसरा नकार बहुतेक वेळा कायमचा असतो.

धडा ५ : खर्चाने कंबर मोडते, कमाई हळू वाढते

'डी-ट्वेन्टी मॉडर्न'मध्ये रुपया-डॉलर मोजत नाहीत. प्रत्येकाचा एक संपत्तीचा आकडा असतो. सुरुवातीला चार बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि त्यात पेशाची भर घालायची. विद्यार्थ्याला १, ऑफिसवाल्याला ३, उद्योजकाला ४.

प्रत्येक वस्तूलाही आकडा. वस्तूचा आकडा तुमच्याएवढा किंवा कमी असेल तर सहज घेता येते. जास्त असेल तर फासा टाकून प्रयत्न करायचा, पण मिळाली की तुमची संपत्ती घटते. समजा तुमचा आकडा ८ आहे. १२ ची वस्तू घेतली तर १ ने घट. २० ची घेतली तर एका फाशाएवढी, म्हणजे १ ते ६ ने घट, आणि वस्तू १५ च्या वरची म्हणून आणखी १. एकाच खरेदीत ८ चे १ होऊ शकतात!

भरून कधी निघतं? पात्र पुढच्या पातळीवर गेलं की 'पेशा' या कौशल्याचा फासा टाकायचा. संपत्तीचा चालू आकडा गाठला तर १ ने वाढ, त्यावर प्रत्येक ५ जास्तीला आणखी १. म्हणजे घट एका दुपारी होते, भर पडायला पूर्ण पातळी लागते. आणि ती भर पेशाच्या जोरावर पडते, मशीनच्या आकारावर नाही. कर्ज काढून मोठं मशीन घेण्याआधी हे आठवा.

आता पुतण्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या वहिनीने डब्यांचा धंदा काढला होता. वहिनीच्या हाताला चव अशी, की महिन्याभरात ४० डबे झाले. बाहेरचं सगळं मी बघायचो. उधारी वहीत नाही, डोक्यात. अकराव्या महिन्यात किराणावाल्याने माल थांबवला, तेव्हा कळलं की लोकांकडे आपले ३८ हजार अडकलेत आणि कोणाकडे किती, ते मला सांगता येत नाही. वहिनीने पाटल्या मोडून किराणावाल्याचे पैसे दिले. मला एका शब्दाने बोलली नाही.

पुतण्याने मला खेळायला बसवलं, तेव्हा म्हणाला, "काका, तुमचीच शीट बनवू." बोलण्यात मी ७० लिहिले. हिशेबात ६० लिहिले. त्याने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "आईच्या डब्यांच्या वेळी किती होतं, काका?"

मी ६० खोडले आणि ५ लिहिले. वहिनी आत भाजी निवडत होती. तिने ऐकलं असणार.

खेळात पात्र बुडालं तर कोरा कागद घेऊन नवीन बनवता येतं. घरात तसं नसतं. तिथे पाटल्या खऱ्या असतात. म्हणून शीट आधी भरायची, खरी भरायची, धंदा नंतर.

गृहपाठ

१. एका कागदावर तुमच्या धंद्याला लागणारी आठ कौशल्यं लिहा. हिशेब आणि वसुली ही दोन त्यात हवीतच.

२. प्रत्येकापुढे टक्के लिहा. मग तो कागद घरातल्या अशा माणसाला द्या, जो तुम्हाला घाबरत नाही. त्याला खोडायची मुभा द्या.

३. ५० च्या खाली जे आहे, त्यातलं एकच निवडा. महिनाभर रोज वापरा, दर वेळी थोडं वेगळ्या पद्धतीने, आणि आठवड्याला एक खूण करा. जे जमणारच नाही, त्यासाठी ज्याला ते येतं असा माणूस जोडा.

नोकरी सोडू का, असं मला रोज कोणीतरी विचारतं. माझं उत्तर आता हेच असतं : आधी शीट दाखवा.

तुमच्या कागदावरचा सगळ्यात लहान आकडा कोणता, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. लाजू नका, माझा ५ होता. पुढच्या भागात उधारीची वही कशी ठेवायची ते पाहू. ती मला वहिनीनेच शिकवली.