विश्वकोशातील तटस्थ नोंद : अप्रमाणित उपचारपद्धतींच्या संदर्भात

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला व विसावा २०१५ साली. आज हे खंड संगणकावर व भ्रमणध्वनीवरही वाचावयास मिळतात. शिवाय २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात कोणाही नागरिकास नोंद लिहिता येते. यास्तव नोंदलेखनाचे नियम आता केवळ संपादकांपुरते उरलेले नाहीत. शिक्षक, कर्मचारी व सुशिक्षित ग्रामस्थ यांनाही ते माहीत असणे अगत्याचे आहे.

उपचारपद्धतींविषयीच्या नोंदीत ही गरज विशेष जाणवते. बालाघाट जिल्ह्यातील भरवेली हे मँगनीजच्या भूमिगत खाणीचे गाव. या जिल्ह्यात व लगतच्या विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. मूल सांधेदुखीने तळमळत असता ‘हमखास गुण’ देणारा उपाय कोणी सुचविला आणि पित्याने खात्री करून घेण्यासाठी नोंद उघडली, तर तीतील एका वाक्यावर चालू औषध ठेवणे किंवा सोडणे अवलंबून राहू शकते.

निम्मी जागा समर्थकांस व निम्मी टीकाकारांस दिली की नोंद तटस्थ झाली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ज्या मतामागे जेवढा पुरावा, तेवढेच त्याला नोंदीत वजन देणे, हे तटस्थतेचे खरे स्वरूप होय.

उदाहरणादाखल होमिओपॅथीची नोंद घेऊ. तीत चार गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्यात.

(१) इतिहास : जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) यांनी ही पद्धती मांडली; त्यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ १८१० साली निघाला. यात वाद नाही. म्हणून ते सरळ विधान करावे.

(२) दावा : औषध जितके विरल तितके प्रभावी, असे या पद्धतीचे अनुयायी मानतात. येथे ‘मानतात’ हे क्रियापद गाळू नये.

(३) पुरावा : शतांश पद्धतीच्या तिसाव्या विरलनात मूळ द्रव्याचे प्रमाण एकावर साठ शून्ये इतक्या भागांत एक असे येते, अशा मात्रेत त्याचा एकही रेणू असण्याची शक्यता नगण्य होय. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यासांची छाननी केली. होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा तीस कोणत्याही विकाराबाबत आढळला नाही.

(४) कायदेशीर स्थान : भारतात या पद्धतीचे शिक्षण व व्यवसाय यांचे केंद्रीय नियमन १९७३ च्या अधिनियमाने सुरू झाले, २०२० साली त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. नियमन ही एक गोष्ट व गुणकारिता सिद्ध होणे ही दुसरी. दोन्ही एकाच वाक्यात गुंफल्यास वाचकाची दिशाभूल होते.

तथापि ‘अप्रमाणित’ म्हणजे ‘खोटे’ असेही लिहू नये. सर्पगंधा ही वनस्पती परंपरेने वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिची चाचणी करून निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि ते जगभर वापरले गेले. परंपरेतील उपाय चाचणीस उतरला, तेव्हा वैद्यकाने तो स्वीकारला. ज्याची चाचणीच झाली नाही त्याविषयी ‘पुरावा उपलब्ध नाही’ असे लिहावे. ज्याची होऊन गुण दिसला नाही त्याविषयी तसे स्पष्ट म्हणावे.

सिकलसेलच्या नोंदीत, हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेच्या झटक्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसले, हे प्रथम यावे. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते, हेही सांगावे. अन्य उपायांचा उल्लेख त्यानंतर, पुराव्याच्या प्रमाणात करावा. एखाद्या रुग्णास बरे वाटल्याची हकिगत पुरावा म्हणून देऊ नये. या विकारात वेदना मधूनमधून आपोआपही ओसरतात. ‘रामबाण’, ‘चमत्कारिक’ ही विशेषणे जशी टाळावीत, तशीच ‘भोंदू’, ‘अडाणी’ ही देखील. कारण दुखावलेला वाचक पुढील परिच्छेद वाचीत नाही, आणि औषध न सोडण्याची सूचना बहुधा त्याच परिच्छेदात असते.